ग्लुकोज दिल्यावर ती काय करते?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा आली. लगेच वाचली, पण उत्तर आज लिहायला घेतेय. त्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसती चिडचिड उतरली असती. एवढ्या लांबलचक मेलमध्ये तू स्टेम सेलपासून बीटा पेशी, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, घडवण्याच्या तुझ्या पेपरबद्दल लिहिलंस, बंगळुरूहून आलेल्या डेटा ॲनालिसिसच्या नोकरीबद्दल लिहिलंस. मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनांनी आपलं क्षेत्रच मोडीत निघणार का असं विचारलंस. तिकडे बोस्टनच्या कंपनीने पेशंट इन्सुलिनवरून उतरवून दाखवले, मग आपण पुण्यात बसून काय वेगळं करणार, असंही विचारलंस. सोबत कॉन्फोकल मायक्रोस्कोपची चित्रं. हिरवं इन्सुलिन, लाल पीडीएक्स-1 (बीटा पेशीची खूण मानलं जाणारं प्रथिन), निळे न्यूक्लियस. आणि सगळ्यात शेवटी, नमस्काराच्या आधी, घाईत टाकलेली एक ओळ: ग्लुकोज वाढवल्यावर इन्सुलिनच्या सिक्रिशनमध्ये फारसा फरक येत नाही, ते पेपरच्या मागे, सप्लिमेंटरीत टाकलं तर चालेल ना?

अगं, ती ओळ मेलच्या अगदी वर असायला हवी होती. बाकीचे सगळे प्रश्न तिच्या खालचे आहेत. त्या ओळीचं उत्तर तुला सापडलं की पेपरचं आपोआप ठरेल, आणि बहुधा नोकरीचंही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

ग्लुकोज दिल्यावर ती पेशी काय करते? बीटा पेशी म्हणून माझ्यासमोर जे जे कुणी आणून ठेवलं, त्याला मी हाच प्रश्न विचारत आले. इन्सुलिन पोटात बाळगणं एवढंच बीटा पेशीचं काम असतं तर फ्रीजमधली इन्सुलिनची कुपीसुद्धा बीटा पेशी ठरली असती. साखर चढली की काही मिनिटांत योग्य तेवढं इन्सुलिन सोडायचं आणि साखर उतरली की थांबायचं, हे तिचं काम. थांबायचं हेसुद्धा. न थांबणारी पेशी माणसाची साखर रात्री झोपेत इतकी पाडेल की तो सकाळी उठणार नाही. तुझ्या हिरव्या पेशी सोडतात का, थांबतात का, हे त्या चित्रातून मला कळत नाही. तुलाही कळत नाही, आणि रिव्ह्यूअरला कळत नसूनही त्याने पेपर पास केला तर ते आपलं दुर्दैव.

तू 2001 साली शाळेतही गेली नसशील. त्या वर्षी 'सायन्स'मध्ये एक पेपर आला होता: उंदराच्या एम्ब्रियॉनिक स्टेम सेलपासून इन्सुलिन बनवणाऱ्या, आयलेटसारख्या (स्वादुपिंडात बीटा पेशी ज्या छोट्या बेटांत असतात तशा) गुठळ्या तयार झाल्या म्हणून. जगभर खळबळ. ज्याला त्याला वाटलं, आता टाइप 1 मधुमेहाचा प्रश्न सुटला. दोन वर्षांनी, 2003 मध्ये, त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने दाखवलं की त्या पद्धतीने वाढवलेल्या पेशींमध्ये रंगणारं इन्सुलिन त्यांचं स्वतःचं नव्हतं. पेशी वाढवायच्या द्रवात, मीडियममध्ये, घातलेलं इन्सुलिन त्यांनी शोषून घेतलं होतं. कसं कळलं? सी-पेप्टाइड नव्हतं म्हणून. 1967 मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी प्रोइन्सुलिन शोधलं आणि पुढे कळलं की ते तुटताना इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटतो. म्हणजे जिथे पेशीने स्वतः इन्सुलिन घडवलंय तिथे सी-पेप्टाइड असलंच पाहिजे. मीडियममध्ये ते कुणी घालत नाही. बाहेरून आलेलं इन्सुलिन आणि घरचं इन्सुलिन यांतला फरक सांगणारी इतकी साधी कसोटी हाताशी होती.

आता तुझी मेथड्स वाच. शेवटच्या टप्प्यात तू मीडियममध्ये बी-27 हे तयार मिश्रण घालतेस. त्यात इन्सुलिन असतं. सी-पेप्टाइडचा स्टेन तू केलेला नाहीस, निदान मला पाठवला नाहीस. वीसहून अधिक वर्षांपूर्वी ज्या खड्ड्यात चांगली चांगली माणसं पडली त्याच्या काठावर तू उभी आहेस आणि मला विचारतेस की सप्लिमेंटरीत टाकलं तर चालेल ना. नाही चालणार.

बरं, समजा सी-पेप्टाइड आलं. येईल असं मला वाटतं. तुझा प्रोटोकॉल चांगला आहे आणि हात स्वच्छ आहे, ते मी पाहिलंय. तरी माझा प्रश्न तिथेच उभा. ग्लुकोज दिल्यावर काय होतं?

तू स्टॅटिक चाचणी केलीस: पेशी तासभर कमी ग्लुकोजमध्ये (2.8 मिलिमोलर), तासभर जास्त ग्लुकोजमध्ये (16.7), आणि दोन्हींत सुटलेल्या इन्सुलिनचा भागाकार. रेशो दीडच्याही आत. या भागाकारावर माझा जुना राग आहे. तासभरात सुटलेलं सगळं इन्सुलिन एका ट्यूबमध्ये गोळा झालं की काय घडलं याचा इतिहास पुसला जातो. 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रॉड्स्की यांच्या गटाने उंदराच्या अख्ख्या स्वादुपिंडातून द्रव वाहता ठेवून मिनिटामिनिटाचं इन्सुलिन मोजलं, तेव्हा दिसलं की ग्लुकोज एकदम चढवलं की काही मिनिटांत एक टोकदार उसळी येते, ती ओसरते आणि मग सावकाश चढणारा दुसरा टप्पा सुरू होतो. टाइप 2 मधुमेहात पहिली उसळी फार लवकर जाते. उपाशीपोटीच्या साखरेत अजून फारसं काही दिसत नसतं तेव्हाच ती बोथट होऊ लागलेली असते. तुझ्या भागाकारात ही उसळी असली तरी दिसणार नाही, नसली तरी दिसणार नाही. शिवाय काही पेशी मरत असतील तर त्यांचं इन्सुलिन नुसतं गळत असतं, 2.8 वरचा आकडा फुगतो आणि रेशो पडतो. तुझा रेशो पेशी मुक्या आहेत म्हणून कमी आहे की पेशी गळक्या आहेत म्हणून? तू मला फक्त रेशो पाठवलास. मूळ आकडे कुठे आहेत?

पेरिफ्यूजन कर, म्हणजे पेशींवरून द्रव वाहता ठेवून मिनिटामिनिटाचं इन्सुलिन मोज. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. कॉलममध्ये पेशींच्या गुठळ्या भरायच्या, क्रेब्ज बफर 37 अंशांवर, 2.8 वर तासभर वाहू द्यायचं म्हणजे त्या निवतील, मग 16.7, मिनिटाला एक नळी, आणि संध्याकाळी इन्सुलिन मोजायला एलायझाच्या प्लेटवर मान मोडून बसायचं. पंपापासून कॉलमपर्यंत द्रव पोचायला लागणारा वेळ आधी मोजून ठेव, नाहीतर उसळी उशिरा आली असं वाटून तू एक नवा शोध लावशील. एलायझाची किट प्रोइन्सुलिनलाही पकडते का ते कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाच; अपक्व पेशी प्रोइन्सुलिन बरंच सोडतात. आणि शेवटी पोटॅशियम क्लोराइड, 30 मिलिमोलर; ते ग्लुकोजची वाट वगळून पेशीला थेट इन्सुलिन सोडायला लावतं. ते विसरायचं नाही.

त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये, शेजारच्या कॉलममध्ये उंदराचे ताजे आयलेट लाव. ते काढायला तुझी लॅब अजून दुसऱ्यांकडे जाते हे मला आवडत नाही. स्वतः शिक. सेंट लुइसच्या पॉल लेसी यांनी 1967 मध्ये कोलॅजिनेज या पचवणाऱ्या एन्झाइमची पद्धत दिली, तिच्यावरच आजची पद्धत उभी आहे: पित्तनलिकेचं आतड्याकडचं तोंड चिमट्याने बंद करायचं, बारीक सुईने कोलॅजिनेज आत सोडायचं, स्वादुपिंड फुगून अर्धपारदर्शक होतं. सगळ्या बाजूंनी सारखं फुगलं तरच पुढचं जमतं. मग ट्यूब कोमट पाण्यात ठेवून पचवायचं, हलवायचं, थांबवायचं कधी ते हाताला कळतं. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली काळ्या पार्श्वभूमीवर आयलेट दुधट, गोल, कडा घोटलेल्या दिसतात. बाकीचं ॲसिनार, म्हणजे पाचकरस बनवणारं, टिश्यू चुऱ्यासारखं, ओबडधोबड. पिपेटच्या टोकाने एकेक उचलायचा. मान अवघडते, डोळे दुखतात. पण ते उचलताना कुठला आयलेट मधून काळवंडलाय, कुठल्याच्या कडा फुटल्यात हे डोळ्याला बसतं, आणि मग स्वतःच्या प्लेटमधल्या गुठळ्यांकडे माणूस वेगळ्या नजरेने बघायला लागतो. एवढंही ध्यानात ठेव की उंदराचा आयलेट म्हणजे माणसाचा आयलेट नव्हे. उंदरात बीटा पेशी मधे आणि अल्फा कडेला; माणसात सगळी सरमिसळ. उंदराची बीटा पेशी ग्लुकोज आत घेते ते मुख्यतः ग्लट-2 या वाहक प्रथिनातून, माणसाची ग्लट-1 मधून. म्हणजे उंदराचा कॉलम तुझ्या यंत्राची साक्ष देईल, तुझ्या पेशींची नाही.

आता समजा ग्लुकोजला उसळी आली नाही आणि पोटॅशियमला आली. तर? मग इन्सुलिनचे दाणे भरलेले आहेत, कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, सोडण्याची यंत्रणा शाबूत आहे. बिघाड त्याआधी आहे. मग टॉल्ब्युटामाइड दे. ते पेशीच्या पडद्यातलं पोटॅशियमचं के-एटीपी चॅनल सरळ बंद करतं. त्याला उत्तर आलं तर चॅनलही ठीक. बिघाड ग्लुकोज जाळण्यात आहे. स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींमध्ये काही गटांना ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या, वाटेतच अडथळा सापडलेला आहे, ते वाच. टॉल्ब्युटामाइडलाही उत्तर नाही आणि पोटॅशियमला आहे, तर चॅनलकडे बघ. कशालाच उत्तर नाही, तर मग त्या हिरव्या रंगाबद्दलच शंका घे. बघ, ज्या ओळीला तू सप्लिमेंटरीत लपवायला निघालीस तिच्यात एक अख्खा प्रबंध आहे. 'पेशी तयार झाल्या' असे पेपर ढिगाने आहेत. 'पेशी का बोलत नाहीत' असे कमी आहेत, आणि ते लिहायला हिंमत लागते.

तुला वाटेल, हे सगळं लॅबमधलं झालं, पेशंटला काय त्याचं. 1984 मध्ये ऑक्सफर्डला फ्रान्सेस ॲशक्रॉफ्ट बीटा पेशीच्या पडद्याला काचेची नळी लावून बसल्या होत्या. त्यांना दिसलं की ग्लुकोज दिलं की पोटॅशियमचं एक चॅनल बंद होतं. त्याच सुमारास दुसऱ्या गटाने दाखवलं की एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन, ते चॅनल बंद करतं. साखर जळते, एटीपी वाढतं, चॅनल मिटतं, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं, इन्सुलिन बाहेर पडतं. साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गोळ्या (टॉल्ब्युटामाइड त्यांतलंच) 1940 च्या दशकापासून माहीत होत्या, त्या नेमक्या याच चॅनलवर बसतात हेही पुढच्या काही वर्षांत कळलं. त्यानंतर वीस वर्षं गेली. 2004 मध्ये एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने आणि ॲशक्रॉफ्ट यांनी मिळून दाखवलं की जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मधुमेह झालेल्या कित्येक बाळांमध्ये याच चॅनलच्या जीनमध्ये, केसीएनजे-11 मध्ये, बदल असतो. चॅनल मिटतच नाही. पेशी आहे, इन्सुलिन आहे, सोडता येत नाही. ही मुलं टाइप 1 समजून आयुष्यभर टोचून घेत होती. मग सल्फोनिलयुरियाची गोळी देऊन बघितली. 2006 च्या अहवालात 49 जणांपैकी 44 जणांचं इन्सुलिन पूर्ण सुटलं. एका जुन्या, स्वस्त गोळीवर. आपल्याकडेही चेन्नईत मधुमेहतज्ज्ञ डॉ. मोहन यांच्या संस्थेत अशा बाळांचे जीन तपासले जातात आणि काहींची सुई सुटते.

त्या मुलांच्या स्वादुपिंडाचं तू कॉन्फोकल केलं असतंस तर हिरवंगार दिसलं असतं. उत्तर मिळालं ते ग्लुकोज दिल्यावर काय होतं हे विचारणाऱ्यांना. यापेक्षा जास्त मी काय सांगू?

आता माझं सांगते, कारण तू मेलमध्ये लिहिलंस की 'तुमच्या काळी एवढं प्रेशर नव्हतं'. होतं. माझ्याकडे एक मुलगा होता, तुझ्यासारखाच हुशार. त्याच्या पेशींमध्ये इन्सुलिन होतं, डिथिझोनने लाल रंगत होत्या, जिंकच्या दाण्यांनी भरलेल्या होत्या आणि ग्लुकोजला ढिम्म हलत नव्हत्या. तो म्हणाला, मॅडम, छापून टाकू, बाकीचे छापताहेत. मी नाही म्हटलं. पुन्हा कर म्हटलं. बफर बदल, बॅच बदल, पुन्हा कर. तोवर दुसऱ्या एका गटाने जवळपास तेच काम रंगाच्या चित्रांवर छापलं, चांगल्या जर्नलमध्ये. याची फेलोशिप संपली. वाढवून मिळावी म्हणून मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी पेपरांची संख्या विचारली, आणि ती सांगण्यासारखी नव्हती. तो औषध कंपनीत गेला. चांगलं चाललंय त्याचं, पण तो मला फोन करत नाही.

याची मला हळहळ आहे. त्याच्या आईचा चेहरा आठवतो. तरी तो पेपर अडवला ते बरोबर केलं असंच मी म्हणेन, आजही अडवीन. दुसऱ्या गटाच्या त्या पेशी पुढे कुठे गेल्या? कुठेही नाही. कुणाला त्यांच्यातून इन्सुलिन सोडवता आलं नाही, कुणी पुढे उद्धृतही करत नाही. मी त्या मुलाला असा पेपर दिला असता तर त्याला नोकरी लागली असती आणि क्षेत्राला एक खोटा मैलाचा दगड मिळाला असता. लोक म्हणतात, तत्त्व तुझं आणि किंमत त्याने मोजली. खरं आहे. मी त्याला निदान दुसरा, छोटा, नक्की होणारा प्रश्न सोबत द्यायला हवा होता, आणि म्हणून तुला देतेय. तो खाली येईल. पण प्रश्नाची धार मी त्याच्यासाठी कमी केली असती का? नाही.

आणि हे फक्त आपल्यासारख्या छोट्या लॅबचं दुखणं आहे असं समजू नकोस. हार्वर्डचे डग्लस मेल्टन, ज्यांच्या दोन्ही मुलांना टाइप 1 आहे आणि ज्यांनी म्हणूनच आयुष्य याला वाहिलं, त्यांच्या लॅबमधून 2013 मध्ये बीटाट्रॉफिनचा पेपर आला. यकृतातून निघणारा एक हार्मोन उंदराच्या बीटा पेशी कितीतरी पटींनी वाढवतो म्हणून. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांना तो परिणाम मिळेना. मेल्टन यांच्या गटाने इतरांना सोबत घेऊन पुन्हा प्रयोग केले, त्यांनाही मिळेना. 2016 मध्ये त्यांनी स्वतः पेपर मागे घेतला. मला या माणसाबद्दल त्यानंतर आदर वाढला. त्यांच्याच लॅबच्या 2014 च्या कामातून पुढे त्या बोस्टनच्या पेशी आल्या, ज्यांची तुला धास्ती वाटते.

त्याबद्दल थोडक्यात. त्या बोस्टनच्या कंपनीच्या, व्हर्टेक्सच्या, झिमिसलेसेलचे (स्टेम सेलपासून घडवलेल्या आयलेट पेशींचे) निकाल 2025 मध्ये आले: पूर्ण डोस मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जण वर्षअखेरीस इन्सुलिनशिवाय. मोठी गोष्ट आहे, मला वाचताना भरून आलं. पण त्या निकालात आधी काय दाखवलंय ते बघ. पेशी देण्यापूर्वी त्यांच्या रक्तात सी-पेप्टाइड सापडत नव्हतं, नंतर जेवणाच्या चाचणीत ते वर आलं. म्हणजे त्यांनीही हाच प्रश्न विचारला, माणसाच्या अंगात. आणि त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. 2000 साली एडमंटनला शपिरो यांच्या गटाने दात्यांचे आयलेट देऊन सातही पेशंटचं इन्सुलिन थांबवलं तेव्हाही असाच आनंद झाला होता. पाच वर्षांनी त्या पद्धतीने आयलेट घेतलेल्यांपैकी इन्सुलिनशिवाय राहिलेले दहा टक्क्यांच्या आसपास होते. का थकल्या त्या पेशी? कोण सांगणार? ज्याला पेशीचं काम मोजता येतं तोच ना?

इंजेक्शनांचं म्हणतेस. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड. चांगली औषधं आहेत. ती निम्मं काम तुझ्या बीटा पेशीवरच करतात हे विसरू नकोस. ही इंजेक्शनं ज्या हार्मोनची नक्कल करतात तो जीएलपी-1 ग्लुकोज चढलेलं असतानाच इन्सुलिन वाढवतो, म्हणून त्याने साखर एकदम खाली जात नाही. आणि ज्या पेशी उरल्याच नाहीत त्यांच्यावर तो काय करणार?

मी ओपीडीत बसायला फार उशिरा सुरुवात केली. लॅब आणि ओपीडी यांत एक जिना होता आणि तो उतरायला मला वर्षं लागली, याचं वाईट वाटतं. तिथे एक माणूस आला होता, मार्केट यार्डात पोती उचलणारा, चाळिशीही गाठली नव्हती. पट्टा शेवटच्या भोकात आणि तरी पँट सैल. साखर चारशेच्या वर. खिशात आधीच्या दवाखान्यातला छापील कागद: वजन कमी करा, भात बंद, रोज चाला. दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला. त्याने तो कागद घडी घालून पॉलिथिनमध्ये जपला होता आणि भात सोडला होता, म्हणून आणखी वाळला होता. जेवणानंतरचं सी-पेप्टाइड मोजलं तर शून्य नव्हतं, पण त्या साखरेला जितकं हवं त्याच्या जवळपासही नव्हतं. त्याच्या पेशींना ग्लुकोज ओरडून सांगत होतं आणि त्यांना जमत नव्हतं. त्याला इन्सुलिन हवं होतं, पोटभर जेवण हवं होतं.

असे आपल्याकडे किती? आयसीएमआरच्या पाहणीने 2023 मध्ये देशात 10.1 कोटी मधुमेही सांगितले. स्वीडनमध्ये 2018 मध्ये मधुमेहाचे पाच गट पाडले गेले, त्यांतला एक तीव्र इन्सुलिन-तुटवड्याचा. तिथे तो तुलनेने लहान आहे. आपल्याकडे तरुणपणी टाइप 2 झालेल्यांमध्ये पाहिलं तेव्हा तोच सगळ्यांत मोठा निघाला. या कामात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक होते. तिथल्या केईएम रुग्णालयातून त्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. हाडकुळी दिसणारी, पण चरबी धरून ठेवणारी बाळं. 'लॅन्सेट'मधला त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचा फोटो बघ: दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वेल्लोरच्या सीएमसीत कुपोषणातून आलेल्या बारीक मधुमेहींवर क्लॅम्पने, म्हणजे रक्तातली साखर ठरावीक पातळीवर धरून, मोजमाप झालं, तिथेही मूळ दोष इन्सुलिन सोडण्यातला निघाला, आणि 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप 5 म्हणून मान्यता दिली. हे सगळं बीटा पेशीचं आहे, मुली, आणि ते आपल्या दारात आहे. बोस्टनला बसून हा पोती उचलणारा माणूस दिसत नाही. पुण्यात काय वेगळं करणार, असं तू पुन्हा विचारू नकोस.

म्हणून तुझा दुसरा, छोटा प्रश्न. तुमच्या संस्थेचं रुग्णालयाशी सहकार्य आहेच. बारीक, तरुण पेशंट निवडून जेवणाआधी आणि नंतरचं सी-पेप्टाइड, सोबत टाइप 1 वेगळा काढायला जीएडी अँटिबॉडी. नीतिसमितीची परवानगी लागेल, त्याचा फॉर्म या आठवड्यात भर. हे वर्षात होतं, छापलं जातं, आणि तुझ्या गप्प पेशींचं काम चालू राहील तोवर फेलोशिपच्या समितीपुढे ठेवायला काहीतरी असेल. शक्य झालं तर अशाच एका पेशंटच्या रक्तातून आयपीएस, म्हणजे रक्तपेशी उलट फिरवून केलेल्या स्टेम सेल, बनव. मग दोन्ही कामं एक होतील.

बंगळुरूची नोकरी घ्यायची तर घे, पण पेशी बोलत नाहीत म्हणून पळून जाऊ नकोस. एकेका पेशीतले चालू जीन मोजणाऱ्या सिंगल सेलच्या डेटामध्येही लोक हेच करतात: जीनची यादी जुळली की बीटा पेशी म्हणून नाव लावतात. बंद पडलेल्या मोटारीला रंग दिला म्हणून टाकीत पाणी चढत नाही. तिकडे गेलीस तरी हा प्रश्न घेऊनच जा, तू तिथे उपयोगी पडशील.

गाईडशी बोलण्याची तुला भीती वाटते. साहजिक आहे. त्यांच्यावरही ग्रँटचा ताण आहे, ते काही वाईट मनाने सांगत नाहीत. 'मी छापणार नाही' असं म्हणत जाऊ नकोस. पेरिफ्यूजनचा आलेख घेऊन जा, उंदराचा आणि तुझा एकाच कागदावर, आणि पोटॅशियमची उसळी दाखव. म्हण की सर, मला बिघाड कुठे आहे ते शोधायचंय, हा पेपर त्याचाच होईल. आलेख समोर असला की कुठलाही खरा संशोधक विरघळतो, असा माझा अनुभव आहे. नाहीच विरघळले तर मला कळव, मी बोलेन. आधी नाही बोलणार. हे तुझं तू करायला हवंस.

फेलोशिपच्या मुदतवाढीच्या अर्जाचा मसुदा तूच कर. त्यात स्वच्छ लिही की पेशी ग्लुकोजला उत्तर देत नाहीत आणि कारण शोधायला वेळ हवा. हे लिहिल्याने अर्ज फेटाळतील असं तुला वाटेल. फेटाळला तर बघू. शिफारसपत्र मी देते, त्यात मीही हेच लिहीन.

पेरिफ्यूजनचे कॉलम आणि पंप माझ्याकडे कपाटात आहेत. शनिवारी दुपारी ये आणि घेऊन जा. पंपाच्या नळ्या कडक झाल्यात, त्या नव्या घ्याव्या लागतील. आतला व्यास तोच हवा, नाहीतर प्रवाहाचा वेग बदलेल. येताना स्टॅटिकचे मूळ आकडे आण, रेशो नको.

तुझी,
मॅडम